शांत खोलीतले उंदीर

४ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि आधी नीट बस. उभ्याउभ्या माझं पत्र वाचायचं नाही, आणि मनातल्या मनात तर मुळीच नाही. शाळेचं तोंड मी जेमतेम पाहिलं हे तुला ठाऊक आहे. वाचायला शिकले ती लग्नानंतर, तुझ्या आजोबांच्या चष्म्याच्या दुकानात, डोळे तपासायच्या तक्त्यावरून. तक्त्यासमोर बसून कोणी मनात वाचत नाही. मोठ्यानं म्हणून दाखवावं लागतं, नाहीतर नंबर कसा कळणार? तेव्हापासून मला मोठ्यानंच वाचता येतं आणि बोलल्यासारखंच लिहिता येतं. अक्षरंही तक्त्याचीच आहेत, वर मोठी आणि खाली उतरावं तशी बारीक. शेवटची ओळ दिसली नाही तर डोळे तपासून घे. दुकान घरचंच आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या बापानं सांगितलं की तुला उंदरांना गाणी ऐकवायचं काम लागलंय. मी म्हटलं, नीट सांग, मी कानानं अधू आहे, डोक्यानं नाही. तो म्हणाला, "आई, खरंच उंदीर. खरंच गाणी." आम्ही इथे उंदीर दिसला की झाडू शोधतो आणि तुला त्यांची करमणूक करायला एवढ्या लांब धाडलं! उंदरांनी मागितली होती का गाणी?

बाप हसतोय. काचा घासायच्या यंत्राशेजारची तुझी खुर्ची त्यानं रिकामी ठेवलीय. कोणी गिऱ्हाईक टेकलं तर उठवतो. "येईल परत," म्हणतो, "तिथे काही तिचा टिकाव लागायचा नाही." मी भर दुकानात सांगितलंय की माझी नात परत यायला गेलेली नाही. तेव्हा माझं नाक आता तुझ्या त्या उंदरांच्या पंज्यात आहे. कुरतडू देऊ नको.

घरचे सगळे आहेत तसे. वन्सं माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा रेडिओ मी ऐन गाण्यात बंद केला. मला तो पाण्याची मोटार चालू असल्यासारखा ऐकू येतो, मी काय करू? तेव्हापासून त्या आपल्या खोलीत दार लावून, आणि मी बाहेर. घर कसं अगदी शांत आहे. फार बरं वाटतंय.

फोन करू नको. फोनवर मला नुसतं घूं ऐकू येतं आणि तू हं हं करतेस. पत्र लिही. अक्षर मोठं काढ.

आजी


१५ मार्च

आजी,

नमस्कार. मोठ्यानं केलाय.

पत्र सांगितल्याप्रमाणे वाचलं. आधी वसतिगृहात वाचलं, तर माझी खोलीतली मैत्रीण गादीवर लोळून हसली आणि शेजारच्या पोरी दारात जमल्या. पुन्हा वाच, पुन्हा वाच म्हणून मागे लागल्या. तिथे आता तुझं पत्र उघडायची सोय राहिली नाही.

आमचे उंदीर तुझ्या झाडूखाली येणाऱ्यांपैकी नव्हेत. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, कुठल्याही पाहुण्यापेक्षा स्वच्छ. दोन खोल्या आहेत. एका खोलीतल्या उंदरांना रोज काही तास संथ संगीत ऐकवायचं, पियानो आणि व्हायोलिन. दुसरी शांत खोली. तिथे स्पीकरच नाही. बाकी दोन्हीकडे सगळं सारखं, खाणं, पाणी, उजेड, भुसा. मग बघायचं, गाणं ऐकणारे कमी घाबरतात का आणि त्यांचं डोकं जास्त चालतं का.

घाबरणं कसं मोजता, असं तू विचारणारच. जीव घाबरला की अंगात एक द्रव्य वाढतं आणि ते लेंड्यांमध्ये उतरतं. म्हणून मी लेंड्या गोळा करते. डोकं मोजायला एक गोल हौद आहे. पाण्यात दुधाची भुकटी घालून ते पांढरं करायचं. पाण्याखाली एक छोटा ओटा लपवलेला असतो. उंदराला हौदात सोडायचं. ओटा कुठे आहे हे त्याला आठवलं की तो सरळ पोहत जातो आणि वर चढून बसतो. नाही आठवलं तर गोल गोल फिरतो.

आमच्या बाई, म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख, फार कडक आहेत. उंदरांना नावं ठेवायची नाहीत, त्यांच्याशी लाडानं बोलायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. जूनमध्ये मला समितीपुढे हे काम मांडायचं आहे. त्यांना पटलं तर मी इथे पुढची काही वर्षं राहते. नाही पटलं तर बाबांची खुर्ची आहेच.

तुझी पत्रं वाचायला मी जागा शोधलीय, काळजी नको. सकाळी पिंजरे साफ करायला मी एकटीच असते. गाण्याच्या खोलीत स्पीकरमुळे आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, तिथला भुसा बदलते आणि निघते. शांत खोलीत मात्र दार लावलं की इतकं निवांत असतं! एकेका उंदराला हातावर घ्यायचं, पिंजरा पुसायचा, आणि तोंडानं तुझा तक्ता चालू. रोज वाचते. संपलं की पहिल्यापासून.

आत्याआजीला नमस्कार सांग. की मी वेगळं पत्र लिहू?

भिंगरी


२८ मार्च

भिंगरे,

तुझ्या बाईंना माझा एक निरोप दे. दूध प्यायचं असतं. त्यात कोणी उंदीर पोहवत नाही. तो बिचारा ओट्यावर चढून बसतो तेव्हा मनात काय म्हणत असेल, हे मोजायचं काही यंत्र आहे का तुमच्याकडे? असलं तर मला कळव.

आणि लेंड्या! तू लहानपणी नाकाला रुमाल लावल्याशिवाय मांजराला हात लावत नव्हतीस. तुझ्या आईला मी वाचून दाखवलं तर ती जेवता जेवता उठली. तिला मी म्हटलं, बस गं, पोरगी लेंड्यांतून भीती शोधते, तुला ताटातून भाजी संपवता येईना?

बरं, मीही एक प्रयोग केला. उंदीर नाहीत, म्हणून वन्संवर केला. तुमच्यासारखंच, संथ गाणं. त्यांचा रेडिओ मी आपल्या हातानं त्यांच्या दाराबाहेर आणून लावला, मोटार तर मोटार, म्हटलं सोसू. वाटलं, गाण्यानं मऊ होऊन चार शब्द टाकतील. दार उघडलं. वन्सं बाहेर आल्या, रेडिओ बंद केला, माझ्याकडे बघितलं नाही, आत गेल्या. दार लावलं. तेव्हा तुझ्या वहीत लिहून ठेव, गाण्यानं काही होत नाही. निदान या वयाच्या नणंदेवर तरी होत नाही.

पण एक गंमत. तुझं पत्र मी बाहेरच्या खोलीत वाचत होते. मोठ्यानं, मला दुसरं येतच नाही. हौदाच्या जागी आले आणि सहज मान वर केली, तर वन्संचं दार बोटभर उघडं. मी वाचायची थांबले. दार तसंच. मी पुढे वाचायला लागले, तर आणखी बोटभर. मी काही बघितलं नाही असं दाखवलं. पाणी कुठल्या रंगाचं ते दोनदा वाचलं, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून. आभार मानले असतील मनात, तोंडानं नाही.

तुझा बाप विचारतो, उंदरांना चष्मा लागतो का. लाल डोळे म्हणतेस म्हणून. त्याला उत्तर देऊ नको, चढून बसेल.

आजी


२० एप्रिल

आजी,

बाबांना सांग, पांढऱ्या उंदरांची नजर खरंच अधू असते. चढू दे चढले तर. मला इथे हसायला काहीतरी हवंय.

पहिली फेरी झाली. गाणं ऐकणारे उंदीर हौदात बरे पोहले. ठीक. पण शांत खोलीतले! सोडले की सरळ ओट्याकडे, जसं काही आपलंच घर आहे. लेंड्याही तपासल्या. तीच गत. सगळ्यांत निवांत जीव कोण, तर ज्यांना आम्ही काहीच ऐकवलं नाही ते.

बाई आधी माझ्यावर चिडल्या. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्यास का, विचारलं. नव्हत्या लावल्या. मग स्वतः पाण्यात हात घालून बघितला, भुसा हुंगला, दिवे तपासले. सगळं सारखं. आता त्यांचं मत बदललंय. म्हणतात, संगीताचा नाद सोडा, शांततेचाच परिणाम दिसतोय. कितीतरी लोक गाण्यामागे लागलेत आणि आपल्याला शांतता सापडली. काल तर चहा पिताना हसल्या. इथल्या लोकांनी ती गोष्ट एकमेकांना जाऊन सांगितली.

म्हणजे मी खूश असायला हवं. आहेही. पण मी त्या खोलीत रोज असते आजी, आणि मला कळत नाही की नुसत्या शांततेत असं काय आहे. दुसऱ्या फेरीत नीट बघेन.

तुझं मार्चचं पत्र आता पाठ झालंय. आत्याआजीच्या दाराची गोष्ट वाचताना रोज हसू येतं. एक उंदीर माझ्या बाहीत शिरून बसतो, नेमका त्याच जागी. लवकर दुसरं पाठव.

भिंगरी


२ मे

भिंगरे,

शांतता! मला विचारलं असतंस तर उंदरांचा एवढा खटाटोप वाचला असता. मी मार्चपासून शांततेत राहतेय. डोकं चालत नाही, उलट बसतं. परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला. चष्मेवाल्याची बायको मी, चष्मेवाल्याची आई! वन्संनी दाराच्या फटीतून बघितलं असणार, पण सांगायचं नाही म्हणजे नाही. तू म्हणतेस उंदरांना शांतता मानवली. मग ते उंदीर तरी खोटे किंवा तुझी शांतता तरी.

तुझ्या बाई हसल्या ही बातमी मी दुकानात सांगितली. बाप जरा वरमला. "म्हणजे जमतंय की काय तिला?" म्हणाला. खुर्चीवरची धूळ मात्र स्वतः पुसतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. मी म्हटलं, अरे, तिला परत आणायला खुर्ची कशाला, सरळ पिंजरा ठेव.

वन्संचं दार आता हातभर उघडतं. मात्र फक्त तुझं पत्र असलं तरच. पत्र जुनं झालं तर मी पुन्हा पहिल्यापासून वाचते. मधे एक दिवस मुद्दाम नाही वाचलं. दुपारभर त्यांच्या खोलीत भांडी आपटल्याचा आवाज. आता खोलीत भांडं एकच, पाण्याचं. तेच आपटत असणार. मलासुद्धा ऐकू आलं, म्हणजे बघ. संध्याकाळी वाचलं, आवाज थांबला.

पण शब्द नाही. शब्दाच्या बाबतीत वन्सं दगड आहेत. मीही विचारत नाही. कोणी म्हणेल, मला गरज आहे.

त्या बाहीतल्याला सांग, बाही खाल्लीस तर आजीशी गाठ आहे.

आजी


२५ मे

आजी,

हे पत्र मोठ्यानं वाचण्याआधी एकदा मनात वाचता आलं तर बघ. नाही यायचं, माहीत आहे.

मला ताप आला होता. आठवडाभर अंथरुणात होते. पिंजऱ्यांचं काम दुसऱ्या एका सहकाऱ्याकडे दिलं होतं. तो चोख माणूस आहे, आला, भुसा बदलला, गेला. त्या आठवड्यात शांत खोलीतल्या उंदरांचं काहीतरी बिनसलं. लेंड्यांमध्ये भीती वाढली, हौदात गोल गोल फिरले. गाण्याच्या खोलीत काही फरक नाही. मला वाटलं, हवा बदलली असेल.

मग मी बरी झाले आणि पहिल्या सकाळी शांत खोलीत गेले. तुझं मेचं पत्र आलेलं होतं, ते खिशात होतं. दार लावलं, पत्र काढलं, घडी उलगडली. आजी, कागदाचा आवाज झाला आणि सगळेच्या सगळे उंदीर पिंजऱ्याच्या पुढच्या जाळीशी आले. मिशा हलवत, कान उभे करून. वाट बघत.

मी न वाचताच कागद पुन्हा मिटला.

ती खोली कधी शांत नव्हतीच. स्पीकर नाही म्हणजे शांत, एवढंच माझ्या डोक्यात. रोज सकाळी त्या खोलीत तू बोलत होतीस. आणि तू बोलत होतीस म्हणून मीही तिथे रेंगाळत होते, उंदीर हातावर घेत होते, बाहीत बसवत होते. दुसऱ्या खोलीतल्यांना कोणी हात लावला नाही, कोणी दोन शब्द बोललं नाही. त्यांना नुसतं व्हायोलिन.

हे कोणालाच माहीत नाही. बाईंनी शांततेवर पानंच्या पानं लिहून काढलीत. समिती पुढच्या महिन्यात बसेल. मी गप्प राहिले तर मी इथे राहते आणि सगळे टाळ्या वाजवतात. सांगितलं तर एवढ्या महिन्यांचं काम कचऱ्यात, बाई मला दारात उभं करणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल. पहिल्या वर्षाचं पोरही करणार नाही अशी चूक आहे.

कोणाला विचारू कळत नाही, म्हणून तुला लिहितेय.

भिंगरी


१ जून

भिंगरे,

आधी एक सांग. माझ्या पत्रांना तू चूक म्हणतेस का? नाही, विचारून ठेवते.

आता ऐक काय झालं. पत्र नेहमीसारखं बाहेरच्या खोलीत वाचलं. मनात वाचून बघितलं, ओठ हलायलाच लागले, मग आवाजही आला. वाचून झालं आणि मी ठरवलं, तुला लिहायचं, गप्प बस. उंदीर काही समितीला सांगायला जात नाहीत. काम झालं, नाव झालं, बापाची खुर्ची रिकामी राहिली, माझं नाक शाबूत. कागद घेतला, 'भिंगरे, गप्प बस' एवढं लिहिलंसुद्धा.

तर मागून, मलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आवाज आला, "काय लिहिताय?"

वन्सं. सबंध दार उघडून, उंबऱ्याच्या अलीकडे. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "गप्प बस म्हणून लिहितेय."

"तुम्हाला गप्प बसायचं एवढं कौतुक कधीपासून?" म्हणाल्या. मार्चपासून साठवलेलं असणार. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "पोरगी आज गप्प बसली की पुढच्या पत्रात काय लिहील? हवा बरी आहे, तब्येत बरी आहे. त्याच्या पुढच्या पत्रात तेही नाही. एकदा लपवायला लागलं की माणूस पत्रच आखडतं घेतं. मग तुम्ही काय वाचणार आणि मी काय ऐकणार?"

मी म्हटलं, "तुम्ही ऐकत होतात?"

"नाही," म्हणाल्या, "मी दाराला तेल घालत होते."

तेव्हा माझं मत तुला सांगितलं, गप्प बस. आणि हे वन्संचं मत, सांगून टाक. त्या इतक्या दिवसांनी बोलल्या, पहिल्याच वाक्याला मोडता घातला तर पुन्हा आत जातील. म्हणून मी त्यांच्या बाजूनं आहे. समितीच्या आधी बाईंना सांग. उभं राहून सांग, बसून सांगितलं की रडू येतं. काय व्हायचं ते होईल.

त्या विचारतात, पाणी कोमट असतं का. उंदीर पोहतात ते.

आजी


१९ जून

आजी, आत्याआजी,

दोघींना नमस्कार. पाणी कोमटच असतं.

उभं राहून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीशी गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "ती पत्रं दाखव." दाखवली. त्या मनात वाचायला लागल्या, दोन ओळींत अडकल्या. "हे कळत नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, मोठ्यानं वाचावी लागतात. त्यांनी दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. आतून बराच वेळ त्यांचा आवाज येत होता. मधेच थांबला, आणि मला वाटतं, आत्याआजीच्या भांड्याची जागा असावी, कारण बाई हसल्या. बाहेर आल्या त्या मात्र लालबुंद. मला इतकं बोलल्या की तू त्यांना ओळखतेस की काय असं वाटलं. तुझेच शब्द होते काही.

शांततेवरची सगळी पानं त्यांनी माझ्यासमोर खणात टाकली. समितीपुढे आम्ही दोघी गेलो. मी जसं घडलं तसं मांडलं. खोली शांत नव्हती, चूक माझी, आकडे हे असे. एक वयस्कर सदस्य म्हणाले, "एवढं काय वाचत होतीस?" मला दुधाच्या निरोपाचा परिच्छेद म्हणून दाखवावा लागला. समिती हसली, बाई सोडून. मग त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. आत बोलणं चाललं होतं आणि बाई बाकावर माझ्या शेजारी, पुढे बघत. एकदम म्हणाल्या, "गाणं, गप्पा की हात. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तू तिन्ही एका भांड्यात घातल्यास. वेगळ्या कशा करशील?" मी बाकावरच सांगायला लागले. दार उघडलं तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर खोल्यांचे चौकोन काढत होतो.

आजी, ठेवून घेतलंय मला. अट एकच, सगळं नव्यानं. नवे उंदीर, चार खोल्या. पहिलीत गाणं. दुसरी खरोखरची शांत, तिथे आम्ही खोकतसुद्धा नाही. तिसरीत नुसतं वाचन, हात लावायचा नाही. चौथीत नुसता हात, शब्द नाही. काय निघेल ते निघेल. कदाचित तुझे शब्द नसतीलच, माझा हातच असेल. तुला आधीच सांगून ठेवते, रुसायचं नाही.

तिसऱ्या खोलीसाठी नवी पत्रं हवीत. मी वाचलेलं चालणार नाही, माझा आवाज आला की हातही आठवेल म्हणतात बाई. म्हणून त्या स्वतः रोज सकाळी वाचणार. नियमच आहे, कागदावर आहे ते जसंच्या तसं, मोठ्यानं, न गाळता. मी खोलीच्या आसपास फिरकायचंही नाही.

तेव्हा लिही.

भिंगरी


३० जून

तिसऱ्या खोलीतल्या उंदरांनो,

आशीर्वाद घ्या आणि नीट बसा. कान उभे करायचे, मिशा खाली. हे पत्र तुम्हाला भिंगरीच्या बाई वाचून दाखवतायत. त्या कडक आहेत, पण आवाज चांगला असेल, एवढी वर्षं लोकांवर ओरडून घसा तयार होतो. बाई, थांबू नका. न गाळता वाचायचं असा तुमचाच नियम आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या आधीच्या उंदरांची आजी. ते आता कामातून सुटले आणि आराम करतात असं मला कळवण्यात आलंय, आणि तसं नसेल तर मला कळवू नये. तुम्हाला दुधात पोहवतील. घाबरायचं नाही. ओटा असतोच. दिसत नाही, पण असतो. एकदा पायाला लागला की जागा लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी इकडेतिकडे न बघता सरळ जायचं. बाकी सगळं डोकं त्याच्यापुढे कमी कामाचं.

माझ्या बोलण्यानं तुम्ही शहाणे व्हाल की नाही हे वर्षभर मोजणार आहेत. न झालात तरी मी रुसणार नाही. मी बोलते म्हणून आजवर घरात कोणी शहाणं झालेलं नाही. पण शेजारच्या खोलीत काही न बोलता बसलेल्यांपेक्षा तुमचं बरं चाललंय, हे ध्यानात ठेवा. त्या बिचाऱ्यांना माझ्या घरातला यंदाचा अबोल वसंत ऋतू सोसावा लागतोय. काम संपलं की त्यांनाही एकदा वाचून दाखवा म्हणावं, मोजायचं नाही, नुसतं वाचायचं.

आमच्या घरी आता इतकी बडबड आहे की मला कधी कधी ऐकू येत नाही याचं समाधान वाटतं. वन्सं सकाळी उठल्यापासून सुरू होतात. मार्च ते मे त्यांनी जे जे बघितलं आणि सांगितलं नाही ते सगळं आता क्रमानं चाललंय, माझा चष्मा कपाळावर होता तो दिवस परवा येऊन गेला. रेडिओचंही मिटलं. तो मी घरात लावू देत नाही म्हणजे नाही, म्हणून भिंगरीच्या बापानं तो दुकानात नेला. रेडिओ गेला तशा त्याच्यामागे वन्सं गेल्या. आता दुपारभर तिथेच असतात, काचा घासायच्या यंत्राशेजारी. गिऱ्हाइकांना तक्ता वाचायला लावतात, कोणी मनात पुटपुटलं तर म्हणतात, मोठ्यानं, आम्हाला कसं कळणार?

आता बाईंसाठी. पुढचं वाक्य सावकाश वाचा, उंदरांना तुमच्या तोंडून ऐकायचंय: मी, म्हणजे ही बाई, भिंगरीला रविवारी सुट्टी देईन आणि पुन्हा ताप आला तर तो पुरता उतरल्याशिवाय तिला कामाला लावणार नाही. झालं? पुन्हा एकदा, मागच्या पिंजऱ्यांना ऐकू गेलं नसेल.

शेवटची ओळ बारीक आहे. दिसली नाही तर चष्मा काढून पुसा आणि दाराबाहेर कोणी उभं असलं तर त्यालाही ऐकू जाईल अशी वाचा: दुकानातली खुर्ची भरली, तेव्हा भिंगरी आता तुमच्याकडेच राहील.

आजी